प्लास्टरचा हेवा

माझ्या धाकट्या बहिणीचा पाय मोडला, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. काळजीही वाटली, नाही असं नाही. पण आधी हेवा वाटला, काळजी नंतर. हे कागदावर लिहायला मला बराच काळ लागला. पण माझ्या आजाराची गोष्ट सांगायची तर ती इथूनच सुरू करावी लागेल.

मी वैशाली. माहेर महूचं. आजोबा फौजेत होते, पप्पाही फौजेतूनच रिटायर झाले. लग्न झाल्यापासून मी राऊला राहते. नवरा मिलिंद पीथमपूरच्या एका कारखान्यात आहे, मुलगी तन्वी नववीत शिकते, आणि मी इथल्याच एका कॉलेजात केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेते. बहिणीचं नाव संघमित्रा, पण सगळे तिला मित्राच म्हणतात. ती अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत शिकवते आणि महूला पप्पांजवळ राहते. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

मित्राची स्कूटी राऊच्या चौकात घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. महूच्या घरी निजायच्या खोल्या जिना चढून वर, म्हणून तिला आमच्याकडेच आणली आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपवली.

दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. तिच्या शाळेतल्या बाया, महूचे नातेवाईक, आमच्या कॉलनीतले लोक. कोणी पपई आणली, कोणी सीताफळ. शाळेतल्या मुलींनी प्लास्टरवर स्केचपेनने फुलं काढली, नावं लिहिली. शेजारच्या भाभी रोज येऊन तिच्या उशाशी बसायच्या. "बेचारी, कितना दुखता होगा," म्हणायच्या, आणि मग माझ्याकडे वळून, "वैशालीजी, आप हैं तो इसको क्या फिकर."

मी हसायचे. ओठ ताणले की लोकांना ते हसू वाटतं, एवढं मला अजून जमत होतं. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचे आणि पातेल्याकडे बघत मनात म्हणायचे, हिला झोपून राहायची परवानगी आहे. हिला कोणी ऊठ म्हणणार नाही.

* * *

मित्रा यायच्या कितीतरी आधीपासून माझं बिघडलं होतं. हे मला आता कळतं.

उजाडायच्या खूप आधी जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. शेजारी मिलिंद गाढ झोपलेला असायचा. पाठ टेकली की झोपणारा माणूस आहे तो. मी त्याच्या घोरण्यावर जळायचे. सकाळी उठून आंघोळीला जायचं, एवढ्याशा गोष्टीसाठी मला अंगातली सगळी ताकद गोळा करावी लागायची, आणि ती आंघोळीतच संपायची. पोह्यांत मीठ घातलं की नाही आठवायचं नाही. तन्वी शाळेतली गंमत सांगायची तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघायचे, शब्द ऐकू यायचे, पण ते आत कुठे पोचायचे नाहीत.

मी कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थायरॉइड बघितला, हिमोग्लोबिन बघितलं, शुगर बघितली. सगळं नॉर्मल. "टेन्शन मत लीजिए, थोड़ा घूमिए-फिरिए," असं म्हणून त्यांनी टॉनिक दिलं. ते रिपोर्ट पर्समध्ये घालून मी घरी आले आणि बाथरूमचा नळ सोडून रडले. सगळं नॉर्मल आहे, म्हणजे मीच आळशी आहे, मीच खराब आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. त्या दिवसांत कोणाचा रिपोर्ट वाईट आला असं ऐकलं तरी मला वाटायचं, याला किती बरं, याच्याकडे दाखवायला काहीतरी आहे.

कॉलेजात एकदा टायट्रेशन चालू होतं. द्रावणाला गुलाबी छटा आली की थांबायचं, इतकी सोपी गोष्ट, मी वर्षानुवर्षं शिकवत आलेली. एका मुलीने फ्लास्क वर धरून विचारलं, "मैम, आ गया ना एंड पॉइंट?"

मी बघत राहिले. गुलाबी रंग मला दिसत होता. फक्त हो म्हणायचं होतं. पण तोंड उघडून हो कसं म्हणायचं, तेच सुचेना. शेवटी तिनेच स्वतःचं उत्तर लिहून घेतलं आणि जाता जाता मैत्रिणीकडे बघून खांदे उडवले. त्या दोघी किती सहज बोलत होत्या. मला त्यांचाही हेवा वाटला.

* * *

मित्रा दिवसभर त्या दिवाणावर पडून असायची, आणि समोरच्या दारातून तिला आमचं अख्खं स्वयंपाकघर दिसायचं. माझ्या घरातल्या कोणाला दिसलं नाही ते तिला दिसलं, कारण ती एकटीच एका जागी होती.

एका दुपारी तिने हाक मारली. "ताई, इकडे ये. बस जरा."

"गॅसवर दूध आहे."

"मघाशी पण तू हेच म्हणालीस. गॅसवर काही नाहीये, ताई. गॅस बंद आहे."

मी वळून बघितलं. खरंच काही नव्हतं. मी तिच्याजवळ खुर्चीत बसले.

"मी इथून दिवसभर तुलाच तर बघते," ती म्हणाली. "दुसरं बघायला आहे काय? तू घासलेली भांडी परत घासतेस. ताट घेऊन बसतेस आणि सगळं तसंच ठेवून उठतेस. केस कधी विंचरलेस शेवटचे? जीजू आले की तू उठून उभी राहतेस, जशी काही कामातच होतीस. काय झालंय?"

"तुला काय," मी म्हणाले, "पडल्या पडल्या आयतं मिळतंय."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मित्राचा चेहरा उतरला, पण ती वाट बघत राहिली. तेव्हा मी म्हणाले, "मला तुझा पाय पाहिजे."

"मतलब?"

"मतलब मोडलेला. माझं पण काहीतरी मोडावं. म्हणजे लोक म्हणतील, हिला उठवू नका, हिला दुखतंय."

आणि मग ते बाहेर पडलं, जे मी कोणालाच सांगणार नव्हते. आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमच्या वयस्कर आई वारल्या होत्या, मी भेटायला गेले होते. घरात रडारड चालू होती. मी मात्र त्या वारलेल्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत उभी होते.

"मला वाटलं, या सुटल्या," मी मित्राला म्हणाले. "यांना आता उद्या सकाळी उठायचं नाही. मला त्यांची जलन झाली, मित्रा. मेलेल्या बाईची."

ती रडली नाही, ओरडली नाही, असं बोलू नकोस असंही म्हणाली नाही. तिने माझं मनगट पकडलं, आणि दुसऱ्या हाताने फोन उचलून मिलिंदला लावला. "जीजू, आज लवकर निघा. डॉक्टरकडे जायचंय. नाही, माझं काही नाही, मी ठीक आहे. ताईला न्यायचंय."

फोन ठेवून ती म्हणाली, "आमच्या शाळेत एक समुपदेशक मॅडम येतात, मुलींशी बोलायला. त्यांना मी आधीच विचारून ठेवलंय, कुठे न्यायचं ते."

म्हणजे ज्या दिवसांत मी तिच्या प्लास्टरवर जळत होते, त्याच दिवसांत ती पडल्या पडल्या माझ्यासाठी डॉक्टर शोधत होती. मला लाज वाटायला हवी होती. पण तेव्हा लाजही वाटत नव्हती. त्या मनगटाला मात्र उबदार लागत होतं, एवढं आठवतं.

मिलिंद येईपर्यंत तिने मला नजरेआड होऊ दिलं नाही. मी पाणी प्यायला उठले तरी ती तिथून बोलत राहायची.

* * *

मिलिंद आला तोवर हॉस्पिटलची ओपीडी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी जाताना मित्राने हट्ट धरला की मीही येणार. तिला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. हॉस्पिटलच्या दाराशी व्हीलचेअर मागवली. मग गंमत सुरू झाली, जी मला तेव्हा गंमत वाटली नाही.

सगळे तिला वाट करून देत होते. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या वॉर्डबॉयने मिलिंदला सांगितलं, "भिया, हड्डी वाले डॉक्टर तो नीचे बैठते हैं, आप ऊपर कहाँ ले जा रहे हो?"

वर मनोरोग विभागाच्या काउंटरवरच्या मुलीने व्हीलचेअरकडे बघून विचारलं, "पेशंट का नाम?"

"वैशाली," मित्रा म्हणाली. "ये वाली. मैं तो बस साथ में आई हूँ."

ती मुलगी एकदा प्लास्टरकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागली. मिलिंदला हसू फुटलं, मित्रालाही. त्या दोघांना हसताना बघून मला इतका राग आला की मी तिथून उठून जाणार होते. इथेसुद्धा पेशंट तीच. शिवाय बाकावर कोणी विद्यार्थी, कोणी ओळखीचं भेटेल ही भीती. मी ओढणी तोंडावर घेऊन बसले. बाजूला बसलेल्या माणसाच्या हातात मोसंबीची पिशवी होती आणि तो आपल्या बायकोशी भाजीबद्दल बोलत होता. मला वाटलं होतं, इथे येणारी माणसं काही वेगळी दिसत असतील.

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मिलिंदला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मला वाटलं होतं झोपेचं विचारतील, भुकेचं विचारतील. ते विचारलंच. मग त्यांनी सरळ विचारलं, "कभी ऐसा लगता है कि अब जीना नहीं है?"

इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी त्यांना त्या वारलेल्या बाईंबद्दल सांगितलं. स्वतःला काही करून घ्यायचा विचार केलाय का, असंही त्यांनी विचारलं. तसा बेत नव्हता, पण आपण नसावं असं रोज वाटत होतं, आणि तेही मी सांगितलं. बोलता बोलता हेव्याचं सगळंच बाहेर आलं. मिलिंदची झोप, मुलींच्या गप्पा, बाहेर बसलेल्या बहिणीचा पाय.

"आपको लगता होगा मैं बहुत खराब औरत हूँ," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आप बीमार हैं," त्या म्हणाल्या. "आलसी नहीं, खराब नहीं. बीमार. इसको डिप्रेशन कहते हैं और इसका इलाज होता है."

मी तिथे रडले, आणि ते रडणं नळ सोडून रडण्यासारखं नव्हतं. आजारी आहे असं कोणीतरी म्हणावं म्हणून मी किती दिवस जीव टाकत होते, ते मला त्या खुर्चीत कळलं.

मग त्यांनी मिलिंदला आत बोलावलं. गोळ्या लिहून दिल्या. फरक पडायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, तोंड कोरडं पडेल, तरी बंद करू नका, असं बजावलं. तोवर मला एकटीला सोडायचं नाही, गोळ्या मिलिंदने स्वतःजवळ ठेवायच्या, आणि तसले विचार वाढले तर भेटीच्या तारखेची वाट न बघता लगेच यायचं. शिवाय दर आठवड्याला तिथल्याच समुपदेशक बाईंकडे बोलायला जायचं.

* * *

पार्किंगमध्ये मित्राला गाडीत बसवून झाल्यावर मिलिंद बाहेरच उभा राहिला.

"तू मित्राला सांगितलंस," तो म्हणाला. "मला नाही."

"तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं तू माझ्यावर नाराज आहेस. म्हणून मी पण गप्प होतो. मी रोज तुझ्या बाजूला असतो, वैशू. आणि तिला कळलं."

त्याच्या आवाजात मला ओळखीचं काहीतरी ऐकू आलं. त्यालाही हेवाच वाटत होता, माझ्या बहिणीचा. त्या दिवसापासून सकाळचा चहा तो करायला लागला, आणि माझ्या हातावर गोळी ठेवून मी ती गिळेपर्यंत समोर उभा राहायला लागला. त्याचं ते पहारा देणं मला कधी बरं वाटायचं, कधी तिडीक यायची.

पप्पांना सांगायचं मला जिवावर आलं होतं. ते महूहून आले, मित्राचा पाय बघितला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या घरात असलं काही कोणाला झालं नाही. फौजी की बेटी आहेस तू. हिंमत ठेव."

मी उठून आत गेले. बाहेर मित्रा त्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. नंतर पप्पा आत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"आमच्या युनिटमध्ये एक जण होता," ते म्हणाले. "सकाळी उठायचा नाही, जेवायचा नाही. आम्ही त्याला कामचोर म्हणायचो. त्याला घरी पाठवलं. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं पण नाही."

एवढंच. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या सकाळपासून त्यांचा फोन यायला लागला. कशी आहेस असं ते विचारायचे नाहीत. "उठलीस?" विचारायचे. मी हो म्हटलं की "शाब्बास" म्हणून ठेवून द्यायचे. काही दिवस असे गेले की त्या फोनला हो म्हणता यावं, एवढ्यासाठीच मी उठून बसले.

* * *

बरं होणं सरळ रेषेत झालं असतं, तर हे लिहायची गरजच नव्हती.

मित्राचं प्लास्टर काढायचा दिवस आला. डॉक्टरांनी आधीच तारीख सांगितली होती आणि त्या तारखेला ते निघालं. बारीक झालेला, फिकट पाय घेऊन ती काठीच्या आधाराने आमच्या हॉलमध्ये चालली, भाभींनी पेढे आणले, तन्वीने व्हिडिओ काढला. मी टाळ्या वाजवल्या आणि आतून पेटले. हिच्या आजाराला तारीख होती. हिचा एक्स-रे काढून दाखवता येतं, बघा, जुळलं. माझं काय जुळलं? गोळ्या सुरू होऊन कितीतरी दिवस झाले होते, तोंड कोरडं पडलं होतं, बाकी सकाळ तशीच होती.

ती महूला गेल्यावर मी गोळ्या सोडल्या. मिलिंद समोर उभा असायचा, म्हणून जिभेखाली धरून नंतर टाकून द्यायचे. काही दिवसांत चक्कर यायला लागली, डोक्यात झिणझिण्या यायला लागल्या, आणि मी तन्वीवर इतकी ओरडले की ती दिवसभर माझ्या समोर आली नाही. मिलिंदने विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. "चल, मॅडमना फोन करू," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टर मॅडमही रागावल्या नाहीत. असं बरेच जण करतात, म्हणाल्या. मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, कमी करायच्या असतील तर आपण दोघी मिळून करू, असं सांगून त्यांनी दुसरी गोळी सुरू केली. समुपदेशक बाईंशी त्या आठवड्यात मी फक्त मित्राच्या पायाबद्दल बोलले. त्यांनी एकदाही असं सांगितलं नाही की बहिणीवर जळू नये. "उसके पास ऐसा क्या था जो आपको चाहिए था?" असं विचारलं. मी म्हणाले, आराम. आणि कोणीतरी उशाशी बसावं. "तो घर में किसी से ये माँगा?" त्यांनी विचारलं.

त्या रविवारी मी मिलिंदला म्हणाले, "मी झोपते. तू जरा इथे बसशील?" तो मोबाइल बाजूला ठेवून बसला. तन्वी दारातून डोकावली आणि तीही येऊन पायाशी बसली. मला झोप लागली.

* * *

सुधारणा झाली तेव्हा ती इतकी हळू आली की मला ती आधी कळलीच नाही. एकदा जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. एकदा फोडणीतल्या हिंगाचा वास आला, आणि लक्षात आलं की किती महिने मला कसलाच वास येत नव्हता. लॅबमध्ये एका मुलाने ॲसिडऐवजी पाणी ओतलं आणि मी त्याला नीट झापलं. तो गेल्यावर मनात आलं, अरे, मी बोलले.

अजून माझ्या गोळ्या चालू आहेत. वाईट दिवस अजून येतात, पण ते येतात आणि जातात. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला रिपोर्ट नॉर्मल येऊनही सकाळी उठणं जड जात असेल, दुसऱ्यांच्या मोडलेल्या हाडांवर जळायला होत असेल, तर त्याने एकदा मनाच्या डॉक्टरकडे जावं. मरणाऱ्यांवर जळायला लागलात, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. आणि ज्याला सांगाल त्याने मनगट पकडून ठेवावं, उपदेश नंतर करावा.

पावसाळा संपत आला तेव्हा मिलिंद, तन्वी आणि मी मानपूरच्या बाजूला फिरायला गेलो. मित्राही आली होती, आता बिनकाठीची. हायवेच्या कडेला एक बाई शेगडीवर भुट्टे भाजत होती. मिलिंदने विचारलं, "किती घेऊ?" मी सवयीने म्हणाले, "मला नको." त्या वर्षभरात मी सगळ्यालाच नको म्हणत आले होते, म्हणून कोणी आग्रह केला नाही.

ते तिघं बोनेटला टेकून खायला लागले. तन्वीला तिखट लागलं, ती हा हू करायला लागली. मित्राच्या भुट्ट्यावरून लिंबाचा रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला आणि तो पुसायचं सोडून ती दाणे खातच राहिली, डोळे मिटून. तिच्याकडे बघता बघता माझ्या पोटात तीच जुनी जळजळ उठली. मी ती ओळखली. आणि मग माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी रस्त्याच्या कडेने चालत शेगडीपाशी गेले.

"एक मुझे भी दीजिए," मी म्हणाले.

बाईने कोवळं बघून एक कणीस निखाऱ्यावर ठेवलं आणि पंखा हलवत विचारलं, "नींबू-मिर्ची चलेगी?"

"चलेगी," मी म्हणाले. "ज़्यादा लगाना."